सर्वांत कमी बोली

कोट घेऊन आलेला तो कॉलेजातला मुलगा मोठा गोड होता, हीच खरी अडचण झाली. वाईट बोलणाऱ्याला फैलावर घेता येतं. कौतुकाने बोलणाऱ्याचं काय करायचं?

"ही आमच्या सरांच्या घरची लाँड्री ना?" त्याने काउंटरवर कोट ठेवत विचारलं. "म्हणजे त्या आत्या तुम्हीच!"

"कुठल्या आत्या?" ताई अस्तरावरचा डाग उजेडात धरून बघत होती.

"उदाहरणातल्या हो! माणूस जे काही करतो ते शेवटी स्वतःच्या फायद्यासाठीच करतो, हे शिकवताना सर दर वर्षी तुमचं उदाहरण देतात. लग्न न करता म्हाताऱ्या वडिलांना सांभाळणारी बाई. लोक म्हणतात त्याग. सर म्हणतात, गुंतवणूक. बापाचं घर आणि धंदा अखेर कुणाच्या हातात राहिला, ते बघा म्हणतात. परीक्षेलासुद्धा आलं होतं."

"तुला किती मार्क पडले?"

"चांगले पडले," मुलगा लाजून म्हणाला.

ताईने डाग काढून दिला. विद्यार्थ्यांकडून एरवी ती थोडे कमी पैसे घ्यायची. त्या दिवशी पुरते घेतले.

पोरगं निघून गेलं, पण ताईच्या अंगाचा जो तिळपापड झाला तो काही केल्या निवेना. धाकट्या भावजयीला सांगावं तर ती म्हणणार, जाऊ द्या हो ताई. वर बाबांना सांगावं तर त्यांना कशाला उगाच. मग ती वाफेच्या इस्त्रीशी बोलली, पिळायच्या यंत्राशी बोलली, आणि चादरींच्या घड्या घालताना सबंध परीक्षेचा पेपर तिने मनातल्या मनात स्वतःच सोडवला. प्रत्येक वेळी नापास प्रोफेसरच झाला.

आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी तोच प्रोफेसर, दादाचा थोरला, लहानपणी घरात ज्याला सगळे हिशेब्या म्हणायचे तो, इस्त्रीच्या टेबलाच्या टोकाशी उभा राहून म्हणाला, "भावनेत शिरलं की भांडणं होतात. त्यापेक्षा आपण एक पद्धत वापरू."

जमायला कारण झालं होतं जिन्याचं. गेल्या महिन्यात बाबा जिन्यात पडले. ताई तेव्हा खाली गिऱ्हाइकाला पावती देत होती. हाड मोडलं नाही, पण दादाला एक वाक्य सापडलं आणि तेव्हापासून तो ते भेटेल त्याला ऐकवत होता. एकट्या ताईने धंदाही बघायचा आणि बाबांनाही, हे आता झेपणारं नाही. वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते ताईला जास्त झोंबलं.

बाबांच्या कानावर काही जाऊ नये म्हणून बैठक वरच्या खोलीत न भरवता खाली इस्त्रीच्या खोलीत भरवली होती. बॉयलर थंड, यंत्रं बंद. दादा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला होता. त्याचं रंगांचं दुकान होतं आणि कुठेही बसला तरी आधी भिंत न्याहाळायची त्याची सवय होती. शेजारी वहिनी. धाकटी, म्हणजे गेलेल्या धाकट्या भावाची बायको, कपड्यांच्या गाठोड्यावर टेकली होती. ताई उभीच होती.

"पद्धत अगदी सोपी आहे," प्रोफेसर म्हणाला. "तीन घरं आहेत. आमचं, काकूचं आणि आत्याचं. आजोबांना आपल्याकडे ठेवायचं तर लाँड्रीच्या मिळकतीतून जादा किती टक्के मिळायला हवेत, ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं. कुणी कुणाचं बघायचं नाही. जो सर्वांत कमी मागेल त्याच्याकडे आजोबा आणि त्याला तेवढे टक्के. कुणावर सक्ती नाही, कुणावर उपकार नाहीत."

"टेंडर," ताई म्हणाली.

"आत्या, शब्दांत अडकू नकोस."

"अडकते कुठे? रस्ता खणायचा असला की हेच करतात. सर्वांत स्वस्तात जो खणेल त्याला काम. आणि मग पहिल्याच पावसात त्या रस्त्याचं काय होतं तेही आपण बघतो."

"ऐकून तर घे," दादा म्हणाला. "तो काही वाईट सांगत नाही."

"तो कधीच काही वाईट सांगत नाही, दादा. आठवतं ना, आपण इस्त्रीवाल्यांना नगावर पैसे द्यायला लागलो होतो? जितके शर्ट तितके पैसे. हात भराभर चालायला लागले आणि कॉलरी जळायला लागल्या. बाबांनी महिन्याच्या आत ते बंद केलं. बापाला नगावर देणार आहात का आता?"

प्रोफेसरच्या चेहऱ्यावर उत्साह आला. त्याला वाद आवडायचा, आणि हरण्याची सवय नव्हती. "बघ, म्हणजे माझंच खरं झालं. इस्त्रीवाले स्वतःचा फायदा बघून वागले. चूक त्यांची नाही, दर ठरवण्याची होती. जळलेल्या कॉलरीचे पैसे कापले असते तर एकही जळली नसती."

"आणि जो इस्त्रीवाला नगावर असूनही सावकाश काम करायचा? कॉलर जळू न देणारा?"

"त्याला त्याचं समाधान मिळत होतं. तोही फायदाच."

"म्हणजे जाळली तरी तुझंच खरं आणि नाही जाळली तरी तुझंच खरं?"

"सिद्धांत असाच असतो, आत्या."

"सिद्धांत कसला रे! ही तर दोन्हीकडून वाजणारी डफली झाली." ताईचा आवाज चढला. इतका वेळ दाबून ठेवलेलं आता बाहेर पडलं. "आणि मी काय आहे तुझ्या वर्गात? सांग ना सगळ्यांना. माझ्यावर पेपर काढतोस म्हणे! लग्न केलं नाही ती गुंतवणूक, बापाचं अंथरूण बदललं ती गुंतवणूक. तुझी विद्यार्थीमंडळी येतात इथे कोट घेऊन. तोंडावर सांगतात."

वहिनीने पदर सारखा केला. प्रोफेसर लाल झाला, आणि क्षणभर त्याच्यात तो जुना हिशेब्या दिसला, वाटणीतली गोळी दुसऱ्याला विकून मग रडत बसणारा.

"मी नाव घेतलं नव्हतं," तो म्हणाला.

"आत्या म्हटलंस. तुला आत्या आहेत किती?"

"बरं, चुकलं असेल माझं. पण मग हेही ऐक." तो आता तिच्याकडे न बघता बापाकडे बघत होता. "सगळे 'त्याग' म्हणत राहिले, त्याने तुझं काय भलं झालं? त्याग म्हटलं की कुणाला काही द्यावं लागत नाही. 'ताई म्हणजे देवमाणूस' असं म्हणायचं, चार फळं आणून ठेवायची आणि हात झटकून घरी जायचं. मी निदान म्हणतो की या कामाला किंमत आहे आणि ती द्या."

"हे तू मला बोलतोयस का?" दादा खुर्चीत पुढे सरकला.

"ज्याला लागू पडेल त्याला."

"वा रे वा! बापाने शिकवलं, आणि आता बापालाच—"

"भांडू नका हो," वहिनी म्हणाली, आणि मग ताईच्या बाजूला वळून, "वन्सं, पोराच्या मनात काही वाईट नसतं. डोकं जरा जास्त चालतं, एवढंच."

पोराचं बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे ताईला कळत होतं. पण संतापलेल्या माणसाला समोरच्याचं खरं बोलणं खोट्यापेक्षा जास्त लागतं. "किंमत द्या म्हणून मी कधी तुझ्या दारात आले होते?" तिने विचारलं. "आणि काय रे, तू ही चिठ्ठ्यांची एवढी दगदग करतोयस, त्यात तुझा फायदा काय?"

"माझा काय फायदा? मी घरच्यांसाठी करतोय."

धाकटीला हसू आवरलं नाही. दादाही हसला. प्रोफेसरच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

"असं होय!" ताई म्हणाली. "तू तेवढा घरच्यांसाठी करतोस, आणि मी घर मिळावं म्हणून. बरंय."

पण हसून चिठ्ठ्या थांबत नाहीत. प्रोफेसरने कागद फाडले, प्रत्येकापुढे एक ठेवला. दादा आणि वहिनी कोपऱ्यात जाऊन कुजबुजले. धाकटीने मात्र कुणाकडे न बघता, गुडघ्यावर कागद ठेवून, लगेच आकडा लिहिला. तिने तो रात्रीच ठरवला होता. तिची खोली तळमजल्यावर होती, जिन्याची भीती नव्हती, शिलाईचं काम घरातच असल्याने ती दिवसभर घरी असायची, आणि मुलीची फी होती. तिने या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या होत्या आणि त्यात लाज वाटण्यासारखं तिला काही दिसलं नव्हतं. तरी आता कागदाची घडी घालताना तिची बोटं जरा घाईत होती.

ताईने आपला कागद उचललाच नाही.

"आमच्या घरची चिठ्ठी, तीस टक्के," प्रोफेसरने वाचलं.

"तीस!" ताई म्हणाली. "तुझा तर बाबांवर फार जीव ना, दादा?"

"जीव आहे म्हणूनच तीस," दादा फणकारला. "नर्स ठेवावी लागेल. न्हाणीघर बदलावं लागेल. जीवावर नर्स येते का?"

"काकूची चिठ्ठी, दहा."

सगळे धाकटीकडे बघायला लागले. गंमत अशी की, तीस मागणाऱ्याला जी लाज वाटली नाही ती दहा मागणारीने बाळगावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. वहिनी तर एकदम ताईच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"अगं, सासऱ्यांना ठेवून घ्यायचे पैसे घेणार तू?" ती म्हणाली. "आम्ही आपलं खर्च म्हणून लिहिलं. पण तू?"

"दहा टक्क्यांत बाबा," ताई म्हणाली. धाकटीवर तिचा खरं तर जीव होता, म्हणूनच तिचा आवाज फाटला. "निदान तू तरी या बाजारात बसायला नको होतीस."

धाकटी उठून उभी राहिली. एरवी तिचा आवाज शिलाईच्या यंत्राखाली बुडून जायचा. आज यंत्र नव्हतं.

"बसले," ती म्हणाली. "मला लागतात पैसे. दुपारची शिवण सोडून मी त्यांना अंघोळ घालणार, तेव्हा त्या दुपारचे पैसे कुठून येणार, ताई? फुकट करायची ऐपत तुमची आहे. तुमच्या डोक्यावर छप्पर आहे, खाली धंदा आहे. मला तुमच्यासारखं चांगलं वागायला परवडत नाही. आणि पैसे घेतले म्हणून मी त्यांचं वाईट करीन असं वाटतं का तुम्हाला? तुम्ही लोकांचे कपडे पैसे घेऊन धुता, तेव्हा मळके देता का परत?"

ताईला राग आला. तो धाकटीवर आला की तिच्या बोलण्यातल्या खरेपणावर, हे बघायला तिला सवड नव्हती.

"आत्याची चिठ्ठी कोरी आहे," प्रोफेसर हलकेच म्हणाला. "नियमाप्रमाणे कोरी म्हणजे शर्यतीतून बाहेर. पण आत्या, तू शून्य लिही ना. शून्य लिहिलंस की आजोबा तुझ्याकडेच राहतील. कुणाला वादच घालता येणार नाही. मला ठाऊक आहे तू शून्य लिहिणार ते. मी तर ही पद्धत काढली तेव्हाच—"

"तेव्हाच मला धरून चाललास. मी फुकटच करणार, म्हणून निकाल आधीच लागलेला."

"तसं नाही."

"तसंच आहे! इतकी वर्षं मी काय करते ते मोजलं नाही, म्हणून ते माझं होतं. आता शून्य लिहायला सांगतोस. दादाचे तीस, हिचे दहा, आणि त्यांच्याच रांगेत खाली माझं शून्य! तोही भावच झाला ना रे! सर्वांत स्वस्त म्हणजे मी!"

तिने टेबलावरची पेन्सिल उचलली खरी. बाबा जाणार, ही कल्पना तिला सहन होण्यासारखी नव्हती. सकाळी आधी त्यांच्या खोलीचं दार उघडायचं, मग दुकानाचं, हा तिच्या दिवसाचा क्रम होता, आणि त्यातलं पहिलं दार काढून घेतलं तर दुसरं उघडायला ती कशासाठी उठणार? मान जाते तर जाऊ दे. तिने कागद पुढे ओढला. शून्य काढायला ती वाकलीसुद्धा.

"एक चिठ्ठी मलाही द्या की रे," बाबांचा आवाज आला.

आवाज छतातून आला. पिळलेले कपडे दोरीला बांधून वर गच्चीकडे चढवायला त्या छताला एक मोठं भोक होतं, ते थेट बाबांच्या पलंगाशेजारी उघडायचं. घरातलं प्रत्येक माणूस त्या भोकातून ओरडून मोठं झालं होतं. पण रोज खाली यंत्रांचा असा काही गदारोळ असायचा, की नरड्याच्या शिरा ताणल्याशिवाय वर शब्द पोचायचा नाही. यंत्रं बंद असताना या खोलीत कधी कुणी बसलंच नव्हतं. वर ऐकू जाऊ नये म्हणून ही शहाणी मंडळी नेमकी त्या भोकाखाली येऊन बसली होती आणि हलक्या आवाजात बापाचा भाव करत होती.

दादाने कपाळावर हात मारला. वहिनी "अगंबाई" म्हणून मटकन खाली बसली. प्रोफेसरने आकड्यांचे कागद गोळा करून खिशात कोंबले. आकडे लपवले की ऐकलेलं पुसतं, असं त्याला वाटलं असावं.

ताई सगळ्यांना मागे टाकून जिना चढली.

बाबा उशीला टेकून बसले होते. चेहऱ्यावर राग नव्हता. ताईच्या अंगात मात्र तो दोघांना पुरेल एवढा होता.

"ऐकलंत ना?" ती दारातूनच म्हणाली. "टेंडर काढलं तुमचं. तीस म्हणे, दहा म्हणे. तुम्ही काही काळजी करू नका. मी आत्ता जाऊन सगळ्यांना घरी पाठवते. तुम्हाला कुठे जायचं नाही."

"बस जरा."

"बसायला वेळ नाही."

"तुला कधीच नसतो गं. बस." ती बसली. बाबा थोडा वेळ तिच्या हाताकडे बघत राहिले. वाफेने त्या हाताची कातडी केव्हाच राठ झाली होती. "मला कुणी विचारलं नाही. त्यांनी नाही आणि तूही नाही."

"तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही इथेच राहणार."

"मी धाकटीकडे जातो म्हणतो."

ताईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग वाटलं, जिन्यामुळे म्हणत असतील, आपल्याला त्रास नको म्हणून म्हणत असतील. "जिन्याला कठडा लावते," ती घाईने म्हणाली. "दुपारी एक बाई ठेवते."

"कठड्याचं नाही." बाबांना शब्द जुळवायला वेळ लागत होता. "तुझ्याकडे मला काही मागता येत नाही, पोरी. दुपारी दुसरा चहा हवासा वाटतो. पण मागू कसा? तू सकाळपासून खाली उभी. लग्न केलं नाहीस, कुठे गेली नाहीस, सगळं माझ्यापायी. असल्या माणसाला म्हणायचं, चहा टाक?"

"मी कधी बोलून दाखवलं?"

"कधीच नाही. बोलली असतीस तर भांडलो असतो, बरं वाटलं असतं. धाकटी पैसे घेणार. मग मी तिला सांगेन, बाई गं, चहा पातळ झाला, पुन्हा कर. मुकाट्याने पुन्हा करील, नाहीतर तोंड वाजवील. दोन्ही चालेल मला."

"म्हणजे त्या हिशेब्याचंच खरं!" ताई ओरडली. "बाजारच बरा! मी एवढी वर्षं—"

"त्याचं कसलं खरं?" बाबा पहिल्यांदाच चिडले. "तो म्हणतो तू घरासाठी केलंस. घरासाठी केलं असतंस तर मी रोज चार चहा मागितले असते आणि हक्काने प्यायलो असतो. तू काहीही नको असताना केलंस. ते कसं फेडू मी, सांग? रोज सकाळी तू दार उघडतेस आणि मला आधी तेच आठवतं."

ताई ताडकन उठली. एवढी वर्षं. एवढी वर्षं हा माणूस या खोलीत तहानेला बसून राहिला आणि मी खाली लोकांच्या कॉलरी बघत राहिले! आणि त्याचा दोषही माझ्याच चांगुलपणाचा! तिला जगातल्या सगळ्यांचा राग आला. दादाचा, प्रोफेसरचा, त्या गोड मुलाचा, आणि समोर बसलेल्या या म्हाताऱ्याचा तर सर्वांत जास्त. स्टोव्ह कोपऱ्यातच होता. तिने तो पेटवला, चहा केला, आणि कप जवळजवळ आपटलाच त्यांच्यापुढे.

"घ्या," ती म्हणाली. "आणि सांगा काय कमी आहे ते. पातळ झाला म्हणा. साखर कमी म्हणा. पुन्हा कर म्हणा! भांडा माझ्याशी, बाबा. एकदा तरी भांडा!"

जिन्यात पावलं थांबली होती. कुणी वर यायला धजत नव्हतं.

बाबांनी कप दोन्ही हातांनी धरला. घोट घेतला. तो चहा घाईत झाला होता, धड उकळलाही नव्हता, आणि ताईच्या रागात साखर तर राहूनच गेली होती. ते दोघांनाही माहीत होतं. बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा तसाच मऊ झाला, जसा तो इतकी वर्षं तिच्यासमोर होत आला होता.

"छान झालाय गं," ते म्हणाले.

ताई जिन्याच्या तोंडाशी गेली.

"धाकटे, वर ये," ती म्हणाली. "यांचा पलंग तुझ्या दारातून आत जाईल का, ते बघून घे."